लेहरा धरणारा पियानो

‘टाइम आउट’ ही रेकॉर्ड हट्टी आहे, पण हट्ट करताना तिचा आवाज कधी चढत नाही. १९५९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत चौघांनी तिला घडवलं: पियानोवर डेव्ह ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बेसवर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो. क्वार्टेट ब्रूबेकच्या नावाचं. जाझ तेव्हा बहुतेक चार मात्रांत चालायचं, अधूनमधून तीनांत. हिला नऊ हव्या होत्या, पाच हव्या होत्या, सहा हव्या होत्या. लोकांच्या ओठांवरचं एकही जुनं गाणं हिने घेतलं नाही. कव्हरवर वादकांच्या फोटोऐवजी नील फुजिताचं अमूर्त चित्र. कंपनीतल्या विक्रीवाल्यांनी नाकं मुरडली. अध्यक्ष गॉडर्ड लिबरसन पाठीशी उभे राहिले म्हणून ती दुकानात पोचली, आणि पुढे दहा लाखांहून अधिक खपली.

तिच्या पायांना ही चाल लागली ती प्रवासात. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने क्वार्टेटला दौऱ्यावर पाठवलं होतं. इस्तंबूलच्या रस्त्यावर ब्रूबेकने दोन-दोन-दोन-तीन अशी नऊ मात्रांची लय ऐकली, आणि रेकॉर्डमधला ‘ब्लू राँडो’ तिच्यावर उभा राहिला. त्याच दौऱ्यात मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला. झपताल-रूपकावर पोसलेल्या आपल्या कानांना ‘टाइम आउट’च्या मात्रा अवघड नाहीत. तिच्यातल्या ‘टेक फाइव्ह’चे तीन-दोन म्हणजे झपतालाचे दोन-तीन उलटे फिरवलेले. पण मात्रा मोजून झाल्या म्हणजे ही रेकॉर्ड कळली असं नाही.

ती कळते ‘टेक फाइव्ह’मध्ये पियानोकडे कान दिला की. जगभर गाजलेली ही रचना म्होरक्याची नाहीच, डेझमंडची आहे. डेझमंड त्यात आपल्या कोरड्या, हलक्या सुरात बोलून घेतो, मग मोरेलोची पाळी येते. ब्रूबेक मात्र पाच मिनिटांहून जास्त वेळात एकदाही स्वतःसाठी जागा मागत नाही. काळी दोन आणि काळी पाच यांवरचे दोन मायनर कॉर्ड, तेच आवर्तन, पुन्हा पुन्हा. सोलो तबल्यामागे हार्मोनियमवाला लेहरा धरतो, तसाच. ते आवर्तन अढळ आहे म्हणूनच मोरेलोला निवांतपणा मिळतो: तो एक ठोका टाकतो, थांबतो, मात्रा मोकळ्या सोडतो, आणि तरी आपण वाट चुकत नाही. ब्रूबेकचा हात जड, असं तेव्हाचे समीक्षक तक्रारीच्या सुरात म्हणत. मला इथे तो जडपणाच मोलाचा वाटतो. लेहरा हलक्या हाताने निसटला, तर तबलजीने कुठे जायचं?

ब्रूबेकला स्वतःचं काही सांगायचं नव्हतं असंही नाही. ‘स्ट्रेंज मेडो लार्क’ची सुरुवात ऐका. तिथे लय बाजूला ठेवून तो एकटाच बराच वेळ, अगदी मनातलं बोलतो.

सोबतच्या माणसांना सांभाळण्याची ब्रूबेकची वृत्ती स्टुडिओपुरती नव्हती. यूजीन राइट कृष्णवर्णीय होता. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॉलेजांनी त्याच्या जागी गोरा बेसवादक आणायला सांगितलं. ब्रूबेकने नकार दिला आणि त्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गेले. पैसा बुडाला, राइट राहिला.

रेकॉर्डच्या शेवटच्या ‘पिक अप स्टिक्स’मध्ये हाच राइट सहा मात्रांचं एकच वळण बेसवर धरून बसतो. आता लेहरा त्याच्याकडे आहे. डेझमंड वाजवून बाजूला होतो, आणि ब्रूबेक दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड रचत, हवं तितकं मोकळं वाजवून घेतो.