हलका पाय

बाबांचा पाय फार हलका. अॅक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय आणि ते फुटू द्यायचं नाही, अशा बेताने ते दाबायचे. १९८४ साली त्यांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि यांना गाडी चालवताच येत नाही, असं माझं ठाम मत होतं. मागून एसटी हॉर्न मारतेय, रिक्षा पुढे निघून जातायत आणि आमची गाडी देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी चाललेली.

गाडीचं पोट आतून कसं असतं ते पहिल्यांदा पाहिलं खंबाटकीच्या घाटात. मे महिना, पुण्याहून साताऱ्याला मावशीकडे निघालो होतो. अर्ध्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. बाबांनी बॉनेट उघडलं, आईकडून फडकं घेतलं, पाण्यात बुडवलं आणि एसी पंपावर गुंडाळलं. एसी पंप म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप. गार हवेशी त्याचा संबंध नाही. उष्णतेने पेट्रोलची वाफ झाली की पंपाच्या हाती काही लागत नाही. दगडावर बसून चिवडा खाऊन होईपर्यंत गाडी सुरू झाली.

२००९ मध्ये बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती माझ्याकडे आली. महिनाभरातच माझी तक्रार सुरू. सिग्नल सुटला, क्लच सोडला, पाय दाबला की गाडी क्षणभर गप्प. ऐकूच आलं नाही जणू. मग एक हिसका देऊन सुटायची. अर्धा सेकंद असेल, पण मागे बस उभी असली की तो अर्धा सेकंद फार लांबतो.

मी प्लग बदलले. पॉइंट, कंडेन्सर, मग कॉइल. एका गॅरेजवाल्याने कार्बुरेटर खोलून जेट फुंकले आणि 'कचरा होता' म्हणाला. कचरा नेहमीच असतो. ते निदान नव्हे, गिऱ्हाइकाची समजूत काढणं आहे. गाडी दम खायची ती खातच राहिली.

शेवटी बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"थंड असताना, की गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा."

"चढावर, की सपाटीलाही?"

"सपाटीलाही."

"आणि हळू दाबलंस तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हळू मी कधी दाबलंच नव्हतं.

चढावर सारखं मिसिंग होत असेल तर ठिणगी बघायची, नाहीतर पेट्रोल कमी पोचतंय. गरम झाल्यावरच होत असेल तर कॉइल किंवा वाफ. पण पटकन दाबल्यावर एकदाच अडखळून मग गाडी नीट ओढत असेल, तर ते हवेचं आणि पेट्रोलचं भांडण. झडप उघडली की हवा हलकी, ती लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढी फट भरायला कार्बुरेटरला एक छोटा पंप असतो. पाय दाबताच तो पेट्रोलची पिचकारी मारतो.

मिस्त्रींनी पेटलेली बिडी विझवून कानामागे खोचली, इंजिन बंद करून एअर फिल्टर काढला, चोकची झडप बोटाने उघडी धरली आणि दुसऱ्या हाताने अॅक्सिलरेटरचा लिव्हर ओढला. बारीक नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि ओघळला. धार नाहीच. मग स्क्रू सोडून त्यांनी पंपाचं झाकण काढलं, आतला नाण्याएवढा पडदा बोटांत धरून उजेडाकडे केला. कडेला नखाएवढी चीर होती. तिचे काठ काळवंडलेले.

"ही आजची नाही रे. तुझे बाबा चालवत होते तेव्हाचीच असणार. त्यांना कळलीच नसेल."

हळू दाबणाऱ्याच्या गाडीत हवा आणि पेट्रोल जोडीनेच जातात. पिचकारीचं फारसं काम पडत नाही. बाबा चिरलेल्या पडद्यावर किती वर्षं चालवत होते कोण जाणे. घरी येऊन त्यांना सांगितलं तर पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "मला तर छान चालायची."

कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या केव्हाच थांबल्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. त्यामुळे या पडद्याचं किट दिसलं की दोन घेऊन ठेवतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. दर दिवाळीला पडदा उघडून बघतो.

तुमच्याकडेही कार्बुरेटरची गाडी असेल आणि ती अशी दम खात असेल, तर कॉइल विकत घेण्याआधी इंजिन बंद करून त्या नळीतून धार येते का, तेवढं बघा. आणि हो, शेजारी कुणी बिडी ओढत नाही ना, तेही.