हळदीचा डाग लाल होतो तेव्हा

संपादकांना हवं होतं ते दिवाळीच्या साफसफाईसाठी, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवरचे डाग काढायच्या घरगुती उपायांचं सोपं टिपण. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी खुर्च्या अशा उपायांनीच बिघडलेल्या असतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

यंदा श्रावणात कोथरूडला एका घरी गेलो होतो. मोतिया रंगाच्या मखमली खुर्चीवर बटाट्याच्या रश्श्याचा तळहाताएवढा डाग, रंग विटकरी लाल. कामाच्या मावशींनी काहीतरी जहाल लावून कापड जाळलं, असं घरच्या बाईंचं म्हणणं. मावशींनी लावला होता कपडे धुण्याचा साबण, आणि त्यांच्या पगारातून पैसे कापूनही झाले होते. मी कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं, जुन्या सुती पंचाचं टोक त्यात बुडवून पिळलं आणि डागावर दाबून धरलं. लाल रंग कडेपासून पिवळा होत आत सरकला. जळलेलं कापड असं पूर्ववत होत नाही, हे मी बाईंना सांगितलं. मावशींचे पैसे परत मिळाले की नाही ते मला कळलं नाही, आणि ते अजून टोचतं.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो. आम्लात ते पिवळं राहतं, अल्कलीत तांबडं होतं. हळदीत चुना कालवून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. कपड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कलीच. (सोलकढीचा डाग साबणाने निळसर पडतो तोही असाच, आमसुलाचा रंगही आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतो.) म्हणजे लाल झालेला डाग वाढलेला नसतो, त्याने फक्त रंग बदललेला असतो. पण लोक घाबरतात आणि घासतात. मग कुणीतरी सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायला सांगतं. फेस आला की काम होतंय असं वाटतं. खरं तर दोघं एकमेकांना मारतात, फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते खारट पाणी. हे मी घरोघरी सांगत आलो आहे. सांगून कंटाळा येतो, तरी सांगतो, कारण यात चांगल्या खुर्च्या फुकट जातात.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून आधी व्हिनेगरच्या पाण्याने रंग पिवळ्यावर आणायचा, कापड सुकू द्यायचं, मग पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन कडेकडून मध्याकडे टिपायचं. फडक्यावर पिवळं उतरेनासं होईपर्यंत दर वेळी कोरी बाजू घ्यायची. गॅस बंद, खिडक्या उघड्या. त्याआधी बैठकीच्या खाली दुमडलेल्या कापडावर थेंबभर लावून कापडाचा रंग सुटतो का ते बघायचं. एवढं करूनही पिवळी झाक उरली तर ऊन. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. बऱ्याच खुर्च्यांची बैठक खालचे चार स्क्रू काढले की सुटी होते. ती उन्हात ठेवायची, पण डागाच्या मापाचं भोक पाडलेला काळा कागद वर टाचून, नाहीतर भोवतीचं कापडही विटतं.

बाकीचे डाग त्या मानाने सरळ. दूध, बासुंदी, अंडं यांना गार पाणीच. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन धाग्यातच गोठतं. चिवड्याच्या तेलावर लगेच कॉर्नफ्लोअर भुरभुरवून ठेवायचं, मग झटकून भांडी घासायच्या लिक्विडचा नुसता फेस लावायचा. चहा ताजा असेल तर गार पाण्याने टिपून बहुतेक निघतो.

पाणी मात्र बेताने. कापडाखाली फोम असतो. ओतलेलं पाणी डाग घेऊन फोममध्ये उतरतं आणि सुकताना तोच डाग पुन्हा वर येतो. मग 'तुम्ही काढलेला डाग परत आला' असा फोन. म्हणून काम झाल्यावर कोरडा पंचा घडी करून त्यावर रात्रभर वजन ठेवतो.

कोथरूडचा डाग निघाला. घासून मोडलेली लव काही उभी राहिली नाही, कारण ती मखमल व्हिस्कोसची होती. ओला व्हिस्कोस निम्मी ताकद गमावतो, तशात ब्रश फिरला की लव तुटते. पॉलिएस्टरची मखमल असती तर इतकं झालं नसतं. दोन्ही दुकानात सारख्याच दिसतात आणि विक्रेते दोन्हींना 'वेलवेट' म्हणतात. यंदा दिवाळीला खुर्च्या घेणार असाल, तर धागा कोणता ते बिलावर लिहून मागा आणि त्याच ताग्यातला वीतभर तुकडा मागून घ्या. डाग पडेल त्या दिवशी स्पिरिट आधी त्या तुकड्यावर लावून बघता येईल.