ताईची मार्कशीट आणि भाचीचं मायग्रेशन

माझी थोरली बहीण सुरतेला बमरोलीत राहते. "बमरोली" म्हटलं की आमच्या गोव्यात कुणालाच काही कळत नाही. सुरत म्हटलं की साड्या आठवतात, फार तर शिवाजी महाराजांची स्वारी. त्या साड्या जिथे विणल्या, रंगवल्या जातात त्या पांडेसऱ्याला लागूनच हे बमरोली. एकेकाळचं गाव, आता महानगरपालिकेतली दाट वस्ती. गल्लीत शिरलं की लूमचा खटका कानावर पडतो, तो रात्रीसुद्धा थांबत नाही. आजूबाजूला खानदेशातली माणसं भरपूर, त्याखेरीज ओडिशाची, उत्तर प्रदेशची, बिहारची. माझे भावोजी मूळचे सावंतवाडीकडचे. एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर होते. "होते" असं लिहिताना अजून हात अडखळतो. २०२५ च्या गणेशचतुर्थीच्या आधी ते हार्ट अटॅकने गेले.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. "मी गोव्यालाच येते आता. पोरीला पण घेऊन येते. तिचं कॉलेजचं तेवढं बघ."

कॉलेजचं तेवढं बघ! जन्म सरकारी कचेरीत फाईली पुढे सरकवण्यात गेलेल्या माणसाला बहिणीने सांगितलेलं हे साधं काम. भाची एफ.वाय.बी.ए.ला. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली. तिला मध्येच उचलून दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या विद्यापीठात नेऊन बसवायचं. मी "हो, बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ मला काही सुचलं नाही. कारण ताईने हेच वाक्य मला एकदा पूर्वी सांगितलं होतं.

ती गोष्ट नंतर सांगतो. आधी सुरतेला जाऊन येऊ.

मडगावहून गाडी पकडली. सोबत सोलां, खाजें आणि फणसाच्या साठांचं पुडकं. गाडी वसईवरून वळून गुजरातेत शिरते, आणि सुरतेच्या आधी उधना लागतं. तिथूनच जळगाव-भुसावळकडे जाणारा फाटा निघतो. सुरतेच्या स्टेशनवर उतरलो की मला हटकून विनोबांची आठवण होते. १९१६ सालच्या मार्च महिन्यात विनायक नरहर भावे नावाचा बडोदा कॉलेजचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, मध्येच सुरतेला उतरला आणि भुसावळमार्गे थेट काशीला गेला. त्याआधीच त्याने आपली सगळी प्रमाणपत्रं घरच्या चुलीत घातली होती. आईने विचारलंसुद्धा, की राहू दिली असती तर काय बिघडलं असतं? पुढे त्याचे विनोबा झाले. ज्याला काशीला जायचं आहे त्याने कागद जाळावेत. पण ज्याला शिकून नोकरी करायची आहे, आईला सांभाळायचं आहे, त्याने एकही कागद जळू देऊ नये. हे माझं कारकुनी तत्त्वज्ञान.

बमरोलीला पोचलो तर ताईने अर्धं सामान बांधूनही ठेवलं होतं. भाची अभ्यासाची वही मांडीवर घेऊन बसलेली. चहा झाल्यावर आई आत गेलीय असं बघून हळूच म्हणाली, "मामा, माझं वर्ष तर नाही ना बिगडणार?"

तिचं मराठी असं आहे. घरात आमचं, गल्लीत खानदेशी, बाजारात गुजराती, आणि हिंदी तर सगळीकडेच. प्राथमिक शिक्षण तिचं सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत झालं. गुजरातेतली ही महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते, हे आपल्याकडे भाषेवरून भांडणाऱ्यांनी एकदा जाऊन बघण्यासारखं आहे. पुढे ती गुजराती माध्यमात गेली. आता कॉलेजात तिचा एक पेपर गुजरातीचा आहे. आणि माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच. गोव्यातल्या कॉलेजात हा गुजरातीचा पेपर बसवायचा कुठे?

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षाच्या मध्यात विद्यापीठ बदलायचं म्हणजे तीन दारं उघडावी लागतात. पहिलं दार जुन्या कॉलेजचं. तिथून ना हरकत, कॉलेज सोडल्याचा दाखला, प्रत्येक सत्राची मार्कशीट. दुसरं जुन्या विद्यापीठाचं. त्यांच्याकडून मायग्रेशन, म्हणजे हा विद्यार्थी आमच्याकडून मोकळा झाला असं प्रमाणपत्र. तिसरं नव्या विद्यापीठाचं. ते बघणार की आधी शिकलेलं आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतं का, आणि मग पात्रता देणार. शिवाय नव्या कॉलेजात त्या वर्गात जागा रिकामी हवी, ते वेगळंच. गंमत अशी की पहिलं दार मागे बंद झाल्याशिवाय तिसरं पुरतं उघडत नाही, आणि तिसरं उघडलं नाही तर विद्यार्थी मधल्या पडवीत उभा. वर्ष वाया जातं ते असं. नापास होऊन नव्हे.

आता एक सोय झाली आहे. यू.जी.सी.ने २०२१ साली क्रेडिटची बँक काढली. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट, मराठीत श्रेयांक, त्याच्या नावाच्या खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पण बँकेत पैसे असले म्हणून प्रत्येक दुकानदार हवा तो माल देतोच असं नाही. विषय जुळतात का ते नवी संस्थाच ठरवते. आणि नियमात आणखी एक मेख आहे. ज्या संस्थेची पदवी हवी, तिथे निदान ५० टक्के क्रेडिट मिळवायला हवेत. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीत दोन वर्षं इकडे काढून शेवटच्या वर्षाला तिकडे गेलं, तर हिशेब बसत नाही. एका वर्षाने गेलं तर बसतो.

हे सगळं मी वहीच्या पानावर भाचीला मांडून दाखवलं. डिसेंबरात निघालो तर एकच सत्र हाती, दुसऱ्या सत्राला कुठे जागा मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि नाही मिळाली तर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये निघालो तर पूर्ण एक वर्ष पदरात, दोन मार्कशीट हातात, आणि एस.वाय.ला रीतसर प्रवेशाचा अर्ज करता येईल. म्हणजे प्रश्न सहा महिन्यांचा होता. पण हे सहा महिने काढायचे कुणी? ताईने. ज्या घरात नवऱ्याचा डबा अजून फडताळात आहे, त्या घरात.

मी तिला म्हटलं, "ताई, तू पुढे ये. पोरीला हॉस्टेलला ठेवू."

ती काही बोलली नाही. उठली, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत दोन मार्कशीट. गोवा विद्यापीठाच्या. एफ.वाय. आणि एस.वाय. तिच्या.

आता ती मघाची गोष्ट.

२००० साली ताईचं लग्न झालं तेव्हा ती एस.वाय. पास झाली होती. भावोजी भले माणूस. त्यांनी आधीच सांगितलं होतं, शेवटचं वर्ष सुरतेला कर. तिथलं दक्षिण गुजरात विद्यापीठ घरापासून फार लांब नव्हतं. (२००४ पासून त्याला कवी नर्मदांचं नाव आहे. १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीच्या भरवशावर जगायला निघालेले ते नर्मद.) ताईला हवं होतं फक्त गोवा विद्यापीठाचं मायग्रेशन. तिने एस.टी.डी. बूथवरून फोन केला, "माझं कॉलेजचं तेवढं बघ." मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. एकदा ताळगाव पठारावर गेलो. खिडकीवरच्या माणसाने नीट सांगितलं की अर्जावर विद्यार्थिनीची सही हवी. मी सही न घेताच गेलो होतो. अर्ज पोस्टाने सुरतेला पाठवायचा, सही होऊन परत आणायचा, एवढंच काम. चतुर्थी आली. मग मित्रांबरोबर कुठेसा गेलो. मग माझी परीक्षा. अर्ज माझ्या वहीत राहिला. प्रवेशाची तारीख उलटून गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. पुढचं वर्ष आलंच नाही.

त्या खिडकीचा दोष नव्हता, सुरतेचाही नव्हता. दोष माझा होता. पंचवीस वर्षांत ताईने त्याचा उच्चार केला नाही, आणि मी तिला कधी विचारलं नाही. नोकरीत दुसऱ्यांच्या अर्जावर "सही नाही, परत" असा शेरा मारताना मात्र तो वहीतला अर्ज मला दिसतो.

त्या रात्री झोप येईना. खटखट चालूच होती. आपल्या गोव्याचं शिक्षण म्हणजे तरी काय, मला वाटलं, स्थलांतराचीच कहाणी. मुक्तीपूर्वी मॅट्रिकसाठी, कॉलेजसाठी मुलं बेळगावला, मुंबईला जायची. १९६२ मध्ये पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही महाविद्यालयं निघाली ती मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आलं आणि मुलं जागची न हलता विद्यापीठच बदललं. १८४२ सालच्या एस्कोला मेडिकाचं १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि शिक्षण पोर्तुगीजमधून इंग्रजीत आलं. संस्था बदलतात तेव्हा सरकार कायदा करतं, मुलांची सोय लावतं. एकटी मुलगी बदलते तेव्हा तिच्यामागे फक्त एक मामा असतो. तो अर्ज वहीत ठेवून विसरू शकतो.

आणि बाबासाहेब आठवले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, परतावं लागलं. पण परतण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवली होती. त्या परवानगीच्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मध्ये सोडावं लागणं कुणाच्या हातात नसतं. पण निघताना दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही, हे आपल्या हातात असतं.

सकाळी ताई म्हणाली, "हॉस्टेल नको. मी राहते जूनपर्यंत." बायका घरी साड्यांना स्टोन लावायचं काम करतात ते तिने शेजारणीकडून आणलं होतं, पहिला गठ्ठा दाराशी आला होता. "हिची दोन्ही सत्रं होऊ दे. मी अर्धवट आले होते, तशी ही अर्धवट जायला नको." एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही तिघांनी बसून फाईल केली. क्रेडिटच्या खात्याचा नंबर. बारावीच्या मार्कशीटच्या प्रती. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, कॉलेजच्या शिक्क्यासह, कारण नवीन ठिकाणी "तुम्ही नेमकं काय शिकलात?" हा प्रश्न येणारच. हजेरी भरलेली ठेवायची. ना हरकतीचा अर्ज दुसऱ्या सत्राच्या परीक्षेनंतर लगेच, मायग्रेशनचा निकालाच्या दिवशी. गोव्यात मी दोन कॉलेजांत जाऊन एस.वाय.च्या जागांची चौकशी करायची. गुजरातीच्या पेपराचं काय होईल ते जूनमध्ये कळेल. भाचीला म्हटलं, कागदावर तो बसला नाही तरी तू गुजराती विसरू नकोस. ते तुझ्या वडिलांच्या गावानेही दिलेलं नाही, बमरोलीने दिलंय. ती हसली. वडील गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

निघताना ताईने विचारलं, "माझ्या त्या दोन मार्कशीटचं आता काही होईल का रे?"

खोटं सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं ते शिक्षण आजच्या खात्यात जमा होईल अशी आशा धरू नकोस म्हटलं. पण इग्नू आहे, बारावीवर बी.ए.ला प्रवेश मिळतो, वयाची अट नाही. पहिल्यापासून करावं लागेल. तिने ती पिशवी परत ट्रंकेत ठेवली नाही. भाचीच्या फाईलीत सरकवली. "बघू," म्हणाली.

सुरत स्टेशनवर गाडीत बसल्यावर पिशवी उघडून पुन्हा एकदा तपासलं. मायग्रेशनचा अर्ज, तारखेची जागा कोरी, खाली भाचीची सही. तिने ती मराठीत केली आहे. या वेळी मी सही घेऊनच निघालो होतो.