पाच फोन आणि लॅमिंग्टन रोड

दर दिवाळीला आमच्या घरातला एक खण उघडला जातो आणि उसासा टाकून पुन्हा लावला जातो. त्यात जुने मोबाईल असतात. टाकवत नाहीत, कारण पैसे मोजलेले असतात. ठेवून उपयोग नाही, कारण ते चालत नाहीत. यंदा सौभाग्यवतींना तो खण पणत्यांसाठी हवा होता. त्यांनी पाच फोन पिशवीत घातले, पिशवी माझ्या हातात दिली आणि बजावले, “दुरुस्त करून आणा, नाही तर कुणाला देऊन या. काहीही करा, पण कचऱ्यात टाकू नका.” यातला शेवटचा हुकूम सर्वांत अवघड, हे मला मागाहून कळले.

अशा वेळी मुंबईकराने लॅमिंग्टन रोडच गाठावा. लॉर्ड लॅमिंग्टन हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मुंबईचे गव्हर्नर. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनेच सांगावे लागते. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेस आलो. ‘शोले’ पाच वर्षे चालला ते मिनर्व्हा याच रस्त्यावर होते, ते गेले. रस्त्याचा मूळ धंदा मात्र शाबूत आहे. कपाटाएवढाली दुकाने, वायरींची वेटोळी आणि हवेत सोल्डरच्या धुराचा तो खास वास.

एका जिन्याखाली मला हवे तसे दुकान सापडले. मालक पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला. याच्या आजोबांनी इथे रेडिओ दुरुस्त केले. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, तसे वडील टीव्हीकडे वळले. आणि हा मोबाईलकडे.

“पुढची पिढी?” मी विचारले.

“मुलगा विमा विकतो, सर,” तो म्हणाला आणि पिशवी उलटी केली.

पहिला फोन त्याने हातात घेताच बाजूला ठेवला. त्याचे पोट फुगले होते. “हा गाडीतून आणलात? बॅटरी फुगलीय. पेटली असती.” त्याने ती बॅटरी जपून सोडवली आणि वाळूच्या डब्यात पुरली. मी गर्दीच्या लोकलमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, हे त्याला सांगितले नाही. नवी बॅटरी घालताच तो फोन उठून बसला. दुसऱ्याचा फक्त चार्जिंगचा जॅक गेला होता. तिसरा पाण्यात पडून कामातून गेलेला, पण त्याचा पडदा चांगला होता. तो चौथ्याला बसला. आमच्या घरात दोन वर्षे शेजारी शेजारी पडलेल्या या दोन मृतांत मिळून एक जिवंत फोन होता, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता!

मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत हल्ली ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असा भारदस्त शब्द असतो. वस्तू पुष्कळ वापरावी, दुरुस्त करावी, तिचे भाग दुसरीला द्यावेत आणि अगदी शेवटी तिच्यातला धातू काढून घ्यावा, म्हणजे पुन्हा खाण खणायला नको. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, घडवतानाच होऊन गेलेला असतो. तेव्हा जुना फोन दोन वर्षे जास्त चालला, हीच मोठी कमाई. तो कारभार माझ्यासमोर सहा फुटांच्या टेबलावर चालला होता. तिथे त्याला नाव नव्हते, एवढेच.

गाडी अडली ती पाचव्यापाशी. हा सर्वांत नवा आणि सर्वांत महाग. मागची काच चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली. गरम हवेने डिंक सैल करीत, पातळ पत्री सरकवीत तो अर्धा तास झटला. त्याच्यापाशी याच जातीच्या एका बंद फोनचा अस्सल पडदा होता. तो बसवला. फोन उजळला आणि त्याने जाहीर केले की, हा भाग ओळखीचा नाही! प्रकाश आपोआप कमीजास्त होण्याची सोयही बंद पडली. फोन त्याच कंपनीचा, पडदा त्याच कंपनीचा. पण पत्रिका जुळेना.

“पूर्वी हात चालायचा,” भिंग वर सारून तो म्हणाला. “आता कंपनीचा संगणक हो म्हणेल तरच भाग चालतो.”

मुलगा विमा का विकतो, ते मला तेव्हा कळले.

युरोपात २० जून २०२५ पासून याला थोडा लगाम बसला आहे: फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन तिथे आले. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, माहितीचे दालनही उघडले. जिन्याखाली मात्र त्यातले काही पोहोचले नव्हते.

तिसऱ्या फोनचा सांगाडा उरला होता. “हा घरी न्या,” तो म्हणाला. “इथे राहिला तर पोत्यात जाईल.” पोते कुठे जाते, हे मला विचारावे लागले नाही. मागे एका चर्चासत्रासाठी दिल्लीस गेलो असता मी सीलमपूरच्या गल्ल्या पाहिल्या होत्या. बायका उंबऱ्यात बसून हातोडीने यंत्रे फोडीत होत्या. अशा मालातले बोर्ड मुरादाबादेकडे जात. ते जाळून, तेजाबात बुडवून तांबे नि सोने काढीत आणि राख रामगंगेच्या काठी टाकीत. जपान्यांनी हेच सोने कारखान्यात काढले. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी लोकांनी ६२ लाखांवर फोन नि इतर जुनी यंत्रे दिली. त्यातून ३२ किलो सोने निघाले. सोने दोन्हीकडे सारखेच. फुप्फुसे कुणाची, एवढाच फरक.

घरी येऊन मी नोंदणी असलेल्या एका संकलन केंद्राला फोन केला. एका सांगाड्यासाठी गाडी येणार नाही, निदान पन्नास किलो जमवा, असे उत्तर आले. सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली. रविवारपर्यंत जिन्याखाली फोन, चार्जर, कळफलक आणि तळमजल्यावरच्या काकूंचा टेपरेकॉर्डर मिळून अठ्ठेचाळीस किलो भरले. उरलेल्या दोन किलोंसाठी आता त्यांचा डोळा माझ्या छपाईयंत्रावर आहे.