ठिणगीची वेळ

दमणगंगेच्या काठची आमची राखोली आता कारखान्यांनी वेढली गेली आहे, आणि येथील तरुण पिकापाण्याइतक्याच आवडीने यंत्रांविषयी बोलतात. अशांपैकी गॅरेजात काम करणारा एक तरुण गेल्या पावसाळ्यात एक इंग्रजी पुस्तिका घेऊन मजकडे आला. त्याच्या मालकाकडे कोणा हौशी गिऱ्हाइकाची टर्बो बसविलेली रोटरी इंजिनाची मोटार आली होती, आणि तिच्या ठिणगीची वेळ लावण्याचे काम त्याच्यावर सोपविले होते. "फादर, इंग्रजी तुमचे, इंजिन माझे; दोघे मिळून वाचू या," असे तो म्हणाला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या मला हा विषय अगदी नवा. परंतु चार-सहा संध्याकाळी आम्ही त्यात रमून गेलो.

रोटरी इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल हा जर्मन संशोधक होय. त्याचे पहिले इंजिन 1957 साली चालले. त्यात मागेपुढे धावणारा पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लांबट पोकळीत फिरतो, आणि त्याच्या एका फेरीत मुख्य आस तीन वेळा फिरतो. ज्वलनाची जागा लांब व चपटी असल्यामुळे एका ठिणगीने सारे मिश्रण वेळेत जळत नाही. यास्तव माझदा कंपनीने आपल्या मोटारींत प्रत्येक रोटरला दोन प्लग दिले. एकाची ठिणगी आधी पडते, दुसऱ्याची किंचित मागून.

ज्वाला पसरण्यास वेळ लागतो, म्हणून वेगात ठिणगी थोडी आधी टाकावी लागते. पण 'थोडी' म्हणजे किती? मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या गतीस एक अंश म्हणजे सेकंदाचा 36,000 वा भाग! त्यातच टर्बो जादा हवा आत कोंबतो. दाब वाढला की मिश्रण लवकर जळते, उष्णताही वाढते. म्हणून त्या वेळी ठिणगी मागे घ्यावी लागते. ती घेतली नाही तर उरलेले मिश्रण आपोआप भडकते, रोटरच्या टोकांवरील सीलपट्ट्या तडकतात आणि त्यांचे तुकडे बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांवर आदळतात. उलट ठिणगीस फार उशीर झाला तर जोर वाया जातो व टर्बो नको तितका तापतो.

कामाचा क्रम आम्ही वहीत उतरवला. प्रथम टायमिंग लाइट लावून चाकावरील खूण आणि संगणकातील आकडा यांचा मेळ पाहावा. तो नसेल तर पुढचे सर्व आकडे खोटे. नंतर गती व दाब यांचा तक्ता मांडावा. जास्त दाबाच्या घरांत मुद्दाम उशिराचे आकडे भरावेत आणि तेथून अंशाअंशाने पुढे सरकावे. जोर वाढेनासा झाला, किंवा त्याआधीच ठोक्याची चाहूल लागली, की मागे यावे.

"गिऱ्हाईक म्हणेल, गाडीत जोर नाही," तरुण म्हणाला. "पण सील तुटली तर भरपाईत माझा सहा महिन्यांचा पगार जाईल." त्याची चिंता रास्त होती. येथे तो भाग कोठे मिळणार? पिस्टनचे इंजिन एखादा ठोका पोटात घालते. रोटरीला एकच पुरे होऊ शकतो.

"असले इंजिन आपल्याकडे कोणी केले आहे काय?" त्याने विचारले. केले आहे. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी घडविलेले भारतीय वांकेल इंजिन एप्रिल 2009 मध्ये कोलार येथे प्रथम उडाले. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने केला. ठिणगीची व इंधनाची व्यवस्था मात्र तेव्हाच्या अहमदनगरातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातील, संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने सिद्ध केली. हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. ठिणगीची विद्या आपल्याच मुलखात कोणीतरी कमावली आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

त्याने उशिराचेच आकडे भरले, आणि गिऱ्हाइकाची समजूत स्वतः घातली. गॅरेजांत राबणाऱ्या आपल्या मुलांना हेच सांगावेसे वाटते: जोर वाढविण्याची हौस जरूर धरा, परंतु आधी खूण जुळवा, आणि दाब जितका अधिक, तितका हात आवरता ठेवा.