आईकडचे आडनाव

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम वाटले, शाळेच्या आठवणी लिहाव्यात. परंतु त्या आमच्याहून वडीलधाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी अधिक चांगल्या लिहिल्या असतील. म्हणून येथे एकाच दिवसाची हकीकत सांगतो : २०२३ सालच्या ऑगस्टमधील, मेक्सिको देशातील आमच्या पहिल्या दिवसाची. एकट्या माणसाने ‘आम्ही’ म्हणावे याचे कोणाला हसू येईल. पण ज्याची खोली, सतरंजी, न्हाणीघराची रांग आणि परीक्षेची भीतीदेखील चाळीस जणांत वाटलेली होती, त्याला ‘मी’ म्हणण्याची सवय उशिराच लागते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर मेक्सिकोतील चापिंगो येथील कृषी विद्यापीठात सहा महिने मक्याचा अभ्यास करण्याची संधी आम्हांला मिळाली. शिकवणे स्पॅनिशमधून होणार होते. त्यासाठी पुण्यात वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला बसलो. ही भाषा मराठी माणसाला इंग्रजीइतकी परकी वाटत नाही, असे आमचे मत झाले. त, द आपल्यासारखेच दंत्य. निर्जीव वस्तूंनाही लिंग, आणि विशेषणाने त्या लिंगाप्रमाणे बदलायचे. वडीलधाऱ्यांना निराळे सर्वनाम. शिवाय ‘मे गुस्ता’ म्हणजे सरळ ‘मला आवडते’. इंग्रजीत आवडणाऱ्याने कर्ता व्हावे लागते. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये वस्तू आवडते, माणूस नुसता ‘मला’ म्हणून बाजूला उभा राहतो.

विमानात बाबासाहेबांचे स्मरण होणे स्वाभाविक होते. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा हाताशी बडोदे सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी आम्ही पूर्वी पाहिली होती. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, आणि खाली प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. त्या दोन ओळींनी आम्हांला विशेष धीर दिला. तेही कधीतरी परक्या भाषेची बाराखडी गिरवीत बसले होते तर!

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. आपल्या जिल्ह्यातील, म्हणजे साऱ्या महाराष्ट्रातील, सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सहाशे मीटर चढून तेथे शहर वसविले आहे. विमानतळावर बॅग ओढताना दम लागला, तो भीतीने की उंचीने, हे कळले नाही. पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यास पाठ केलेले वाक्य म्हणून दाखविले आणि शेवटी ‘ग्राथियास’ असे आभार मानले. तो हसला व म्हणाला, ‘ग्रासियास’. पुण्यात आम्ही स्पेनमधील शुद्ध उच्चार मोठ्या कष्टाने कमावला होता. आता ज्या देशात उतरलो, तेथे कोणी तसे बोलतच नव्हते.

त्या हसण्याने आम्हांला पाचवीतल्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. लोखंडी पेटी घेऊन शाळेच्या दारात उभे होतो. आई ऊसतोडीला जाण्याच्या तयारीत होती, म्हणून लगेच परतली. रात्री पंगतीत कोणीतरी विचारले, घरी कोण असते? आम्ही म्हणालो, ‘माझी आय.’ दोन-तीन मुले हसली. त्यांचाही दोष नव्हता, तीही वर्षापूर्वी तेच बोलत असतील. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही ‘आई’ म्हणू लागलो, आणि सुटीत घरी गेल्यावरही ‘आई’च म्हणालो. तिने एकदा चमकून पाहिले. बोलली काही नाही.

चापिंगो हे तेस्कोको गावाजवळ, राजधानीच्या पूर्वेस आहे. दोन्ही बाजूंना मका उभा होता, त्यामुळे प्रवास परका वाटला नाही. कार्यालयात एक वयस्क बाई अर्ज भरून घेत होत्या. ‘आओरीता’ म्हणून त्यांनी आम्हांला बसविले. शब्दकोशात याचा अर्थ ‘आत्ता लगेच’ असा आहे. तासभराने ध्यानात आले, की हे आपल्याकडचे ‘हे काय, आलोच’.

अर्जात नावाचे तीन रकाने होते : स्वतःचे नाव, वडिलांकडचे आडनाव, आईकडचे आडनाव. स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावे असतात आणि लग्नानंतर बाई सहसा आपले आडनाव बदलत नाही. आमच्या पारपत्रावर आपली नेहमीची तीन पदे, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. बाईंनी ती ओळीने तीन रकान्यांत उतरविली. वडिलांचे नाव झाले एक आडनाव, आणि आमचे आडनाव जाऊन बसले आईच्या रकान्यात! आम्ही गडबडून खुलासा केला. त्यांनी समजून घेतले, खोडले, पुन्हा लिहिले आणि विचारले, ‘मग आईकडचे?’

ते कोठल्याच कागदावर नव्हते. ‘नाही’ हे सांगण्यासाठी शिकलेला शब्द आठवला, ‘नो आय’. स्पॅनिशमध्ये ‘आय’ म्हणजे ‘आहे’. ‘नो आय’ म्हणजे ‘नाही, अस्तित्वात नाही’. बाईंनी लेखणी खाली ठेवली, छातीवर हात नेला आणि हळू आवाजात दुःख व्यक्त केले. आम्हांला आईच नाही, असे त्यांना वाटले. आणि आमच्याच तोंडून निघालेले ते दोन शब्द आमच्या कानांनाही नेमके तसेच ऐकू आले : नो आय.

‘सी आय! सी आय!’ आम्ही जवळजवळ ओरडलोच. आहे, आहे. शेजारच्या टेबलावरील लोक वळून पाहू लागले. मग मामांचे आडनाव एकेक अक्षर सुटे करून सांगितले. बाईंनी ते आमच्या नावापुढे, शेवटच्या जागी, लिहिले. एक अक्षर चुकले, ते आम्ही चुकू दिले.

आडनाव हा आपल्याकडे काय प्रकार आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नको. नवा माणूस नाव विचारतो, मग ‘पूर्ण नाव?’ म्हणतो, आणि पूर्ण नाव ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडते किंवा मिटते. एस.टी.त, भाड्याची खोली पाहताना, मुलाखतीत, आम्ही ते क्षणभरातच ओळखायला शिकलो आहोत. त्या दिवशी आम्ही एक नव्हे, दोन आडनावे सांगितली, आणि त्या बाईंना दोहोंतून काहीही कळले नाही. त्यांनी फक्त स्पेलिंग विचारले. (तेथे सगळे सुरळीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. रंगावरून आणि गावाकडच्या भाषेवरून माणूस तोलण्याची रीत तेथेही आहे, हे पुढच्या सहा महिन्यांत पाहिले. पण ते पहिल्या दिवशी नव्हे.)

दुपारी फाटकाबाहेरच्या एका टपरीवर जेवलो. विक्रेत्या आजी मोठ्या तव्यावर मक्याची पातळ भाकरी भाजीत होत्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात, हे पुस्तकात वाचले होते, पण बाजूला ठेवलेला दगड पाहिला आणि पाटा ओळखू आला. भाजी होती फड्या निवडुंगाची! आमच्या बांधावरची फडी दुष्काळात काटे जाळून गुरांना घालतात आणि आम्ही पोरे त्याची बोंडे खाऊन तोंड लाल करीत असू. तो निवडुंग मूळचा याच खंडातला. मका, मिरची, टोमॅटोही येथूनच निघून आमच्या चुलीपर्यंत आलेले. आमची मागणी आजींना नीट ऐकू आली नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मांदे?’

शब्दशः अर्थ ‘आज्ञा करावी’. मेक्सिकोत ‘काय म्हणालात?’ ऐवजी हेच म्हणतात आणि ती सभ्यता समजली जाते. मुलांना घरी तसे शिकवितात. आम्हांला मात्र घास गिळवेना. आमच्या पणजोबांच्या पिढीला वाटेत भेटेल त्याला ‘जोहार, मायबाप’ म्हणावे लागे. तो शब्द टाकून ‘जय भीम’ म्हणायला काय पडले, हे आजोबांकडून ऐकलेले. सत्तरीच्या बाईने आमच्यासारख्या पोराला ‘आज्ञा करा’ म्हणावे! पुढे कळले की मेक्सिकोतही या शब्दावर वाद आहे. हा गुलामीचा अवशेष, असे म्हणून काही आईबाप मुलांना तो बोलू देत नाहीत. इतरांना ते उगाच वाटते. आजींनी शेवटी राजगिऱ्याची वडी हातावर ठेवली. तिला तेथे ‘अलेग्रीया’ म्हणतात. अर्थ, आनंद. आमच्याकडे ती उपासाला खातात.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर विद्यापीठाच्या आवारात गेलो. जमीन कसायला शिकवावे, माणसाला पिळायला नव्हे, अशा आशयाचे या संस्थेचे ब्रीद आहे. ऊसतोडीच्या कोपीवर वाढलेल्याने ते दोनदा वाचले. याच ठिकाणी आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी शिकविले. तरुणपणी देश सोडून गेलेले, गदर चळवळीच्या उभारणीत असलेले खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत आले तेव्हा चाळिशीचे होते. त्या वयात त्यांनी स्पॅनिशमधून वर्ग घेतले, मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिवेरांनी त्यांना भित्तिचित्रात रंगविले. इंग्रजांच्या राज्यात त्यांना मायदेशी परतता आले नाही. १९६७ मध्ये ते नागपुरात वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांचा येथील पहिला दिवस कसा गेला असेल, याचा विचार आम्ही बराच वेळ केला. चाळिसाव्या वर्षी, परत फिरण्याची वाट बंद असताना, परक्या भाषेत पहिला धडा द्यायला उभे राहणे; आमचे परतीचे तिकीट तर खिशात होते.

तेथले सात वाजले, तेव्हा पाथर्डी तालुक्यातील आमच्या गावी दुसऱ्या दिवसाचे साडेसहा वाजले होते. फोन लावला.

“पोचलास का रं बाळा? जेवलास का?”

“जेवलो. आय, ऐक. इथल्या कागदावर तुझ्या माहेरचं आडनाव लिवलंय. माझ्या नावाफुडं.”

कितीतरी वर्षांनी तो शब्द तोंडातून गेला होता. तिने तो ऐकला की नाही, समजले नाही. ती घाबरली होती ती कागदाला.

“कशापायी? काय चूक झाली व्हय कागदात?”

“चूक न्हाई. इथं लिवत्यात तसं. समद्यांचंच.”

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग कोणाला तरी सांगावे तशी ती म्हणाली, “आमच्या आबांचं नाव व्हय.” पुढच्या वर्षी आपल्या सरकारने जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय केला, १ मे २०२४ पासून, तो तिला वाचून दाखविला तेव्हा ती म्हणाली, नाव घालतील, पण आबांचं आडनाव कुठं?

त्या सकाळी मात्र तिने एवढेच विचारले, “तिकडं पाऊस हाय का?” आमच्याकडे त्या ऑगस्टात पावसाने पाठ फिरविली होती आणि बाजरी माना टाकीत होती.

“हाय,” आम्ही म्हणालो. “आत्ताच पडून गेला.”