दिंद्रुडहून समुद्राच्या पोटात

आमच्या दिंद्रुडला पाणी म्हणजे विहीर, शेततळे, फार तर माजलगावचे धरण. उन्हाळ्यात त्याची वाट पाहायची आणि पावसाळ्यात त्याला भ्यायचे. अब्बांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडाला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी पोहायला शिकले नाही. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या आमच्या धाकटीने फोनवर सांगितले, "मी मैत्रिणींबरोबर मालवणला स्कूबा करणार आहे," तेव्हा अम्मींच्या हातातली तस्बीह थांबली. अब्बा एवढेच म्हणाले, "मग आपण सगळेच जाऊ."

सोलापूर, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरलो. शनिवारी सकाळी मालवणच्या जेट्टीवर पुण्या-मुंबईकडचे डायव्हिंगवाले गटागटाने जमले होते. एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था जवळच तारकर्लीला आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आमची होडी थांबली.

"पोहता न येणाऱ्याचे काय?" अब्बांनी विचारले.

प्रशिक्षक हसला नाही. म्हणाला, "चाचा, मी तिला सोडणार नाही. तिने एकच करायचे, श्वास रोखायचा नाही." मग त्याने समजावले. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. कान दडपले की नाक धरून हळूच फुंकायचे. वर येताना दाब कमी होऊन छातीतली हवा फुगते, म्हणून श्वास चालूच हवा. पाण्यात बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी जोडली की "ठीक आहे", अंगठा वर केला की "वर चला".

अंगभर सूट घालून धाकटी पाण्यात उतरली. आम्ही बुडबुड्यांकडे पाहत राहिलो. अब्बांचे ओठ हलत होते. कितीतरी वेळाने ती वर आली, मास्क काढला आणि अंगठा-तर्जनी जोडून दाखवली. "अल्हमदुलिल्लाह," अम्मी म्हणाल्या. मासे, प्रवाळ, खालची शांतता, तिचे सांगणे संपेना.

संध्याकाळी किनाऱ्यावर मगरिबची नमाज झाली. सूरह नहलमध्ये समुद्राच्या नेमतींचा उल्लेख येतो, तो अब्बांनी काढला. थोडे थांबून म्हणाले, "माझ्या भावाला कुणी पोहायला शिकवले असते तर?"

गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी ते नातवंडांना विहिरीवर घेऊन गेले. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर. दोराचे दुसरे टोक अब्बांच्या हातात होते.